यकृत थकलं की मज्जाही थकते

यकृताची गोष्ट : लेखांक अकरावा

एडिंबरोच्या मॅक्रोफेज पेशींची हकीकत या आठवड्यात सांगायची ठरली होती. ती पुढच्या लेखात. मध्येच एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून पुढे जाववेना.

पत्र आमच्या चेन्नईतलंच, सावकारपेठेतलं. लिहिणारे गृहस्थ गलाईच्या धंद्यातले, मूळचे आटपाडीकडचे. सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत, तशी ती इथेही आहेत. या गृहस्थांच्या थोरल्या भावाला लिव्हर सिऱ्होसिस आहे. पोटात पाणी भरतं, ते दोनदा काढून झालं. आजार दारूचा, दारू आता सुटली आहे. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याच कमरेच्या हाडातला मगज काढू, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करू, त्या लिव्हरच्या रक्तवाहिनीत सोडू आणि लिव्हर नव्याने उभं राहील. खर्च काही लाखांचा. "गावाकडची जमीन काढावी का?" हा त्यांचा प्रश्न. शिवाय ता. क. : घरी भुईआवळ्याचा रस सुरू आहे, तो चालू ठेवावा का?

माझी उभी हयात मज्जेच्या आणि यकृताच्या काचपट्ट्या बघण्यात गेली. दोन्ही प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत, म्हणून आजचा सगळा लेख या पत्राला.

आधी मगज कसा काढतात ते जवळून पाहू. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. कमरेच्या मागे दोन्ही बाजूंना हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथली कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतात आणि जाड सुई पिळत पिळत आत घालतात. हाडाचा कठीण थर संपला की विरोध एकदम सुटतो, ते हाताला कळतं. मग सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा. त्या क्षणी धीराचा माणूसही कळवळतो, कारण आतल्या पोकळीतली ती ओढ बधिर करता येत नाही. सिरिंजमध्ये गडद लाल, दाटसर रक्त येतं. त्याचा थेंब काचपट्टीवर टाकून पट्टी तिरकी धरली की रक्त ओघळून जातं आणि मागे तेलकट चमक असलेले बारीक कण उरतात. तीच मज्जा. निरोगी माणसाच्या मज्जेत रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात. हा सगळा कारखाना ज्यांच्यावर चालतो त्या खऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मात्र फार थोड्या, ढोबळ मानाने मज्जेतल्या दहा हजार पेशींत एखादी.

सिऱ्होसिसच्या रुग्णाची मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती आजारी वाटतच नाही. उलट गर्दी दिसते. तांबड्या पेशींची पिल्लं भरपूर असतात, त्यांतली बरीच नेहमीपेक्षा मोठी. प्लाझ्मा पेशीही वाढलेल्या असतात. माणूस दारू पीत असेल तर कोवळ्या पेशींच्या आत स्वच्छ गोल पोकळ्या दिसतात आणि दारू सुटली की त्या थोड्या दिवसांत नाहीशा होतात. अशा पट्टीचा अहवाल 'रिअॅक्टिव्ह मॅरो' असा जायचा. मज्जा कामाला लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पट्टीपुरतं ते खरंही होतं. पण कामाला लागलेल्या पेशींची गर्दी मोजणं वेगळं आणि त्या गर्दीमागचं बियाणं किती उरलं आहे हे मोजणं वेगळं.

ते बियाणं दिल्लीत मोजलं गेलं. वसंत कुंजमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलियरी सायन्सेस या संस्थेतल्या छगन बिहारी, शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ साली 'हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात आला. सिऱ्होसिसच्या रुग्णांच्या मज्जेत रक्ताच्या मूळपेशी किती आहेत आणि त्यांना सांभाळणारा परिसर कसा आहे, हे त्यांनी विशेष रंजकं वापरून पाहिलं. यकृताचा आजार जितका पुढे गेलेला, तितक्या मूळपेशी कमी. त्यांना आधार देणाऱ्या पेशी आणि मज्जेतले बारीक चेतातंतूही कमी. मूळपेशी एकट्या जगत नाहीत. त्यांना चिकटून बसायला आधारपेशी लागतात, चेतातंतूंकडून येणारे निरोप लागतात. हा परिसरच विरळ झाला होता.

भारतीय प्रयोगशाळेतून आलेल्या यकृतसंशोधनात मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. सावकारपेठेतल्या पत्राचं अर्धं उत्तर त्यात आहे. ज्या मज्जेतून पेशी काढून यकृत सावरायचं म्हणतात, ती मज्जाच त्या यकृताबरोबर खालावलेली असते.

असं का होतं? आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतातून गाळून निघतं. सिऱ्होसिसमध्ये ते गाळणं बिघडतं आणि जंतूंचे अंश थोडेथोडे रक्तात सुटत राहतात. शरीराला वाटतं की संसर्ग झाला. मज्जेला पांढऱ्या पेशी पाठवण्याचे तातडीचे निरोप येऊ लागतात आणि ते थांबतच नाहीत. महिनोन्‌महिने हा ताण सोसला की मूळपेशींचा साठा झिजतो.

दुसरं कारण मला अधिक मोहवतं. गर्भात रक्त तयार करण्याचं काम बराच काळ यकृताकडे असतं. मूळपेशी आधी यकृतात वस्तीला येतात, तिथे वाढतात, आणि जन्म जवळ येत जातो तशा हाडांत मुक्काम हलवतात. हाडांत गेल्यावर यकृताशी त्यांचा संबंध संपला, असं आम्ही शिकलो होतो. तो संपत नाही. यकृत थ्रोम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतं. १९९४ साली ते हाती लागलं तेव्हा प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक म्हणूनच त्याची ओळख होती. पुढे कळलं की मज्जेतल्या मूळपेशींनाही ते लागतं. मग ते त्यांना कोण पुरवतं? सगळ्यांचा अंदाज होता की शेजारच्या हाडाच्या पेशी. कोलंबिया विद्यापीठातल्या लेई डिंग यांच्या गटाने उंदरांमध्ये एकेका प्रकारच्या पेशीतून हे संप्रेरक बनवणारा जनुक काढून पाहिला. हाडाच्या पेशींतून काढला, तर मूळपेशींना काही झालं नाही. यकृतपेशींतून काढला, तर मज्जेतल्या मूळपेशी घटल्या. २०१८ साली हे 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. मज्जेचा पोशिंदा दूर पोटात, बरगड्यांखाली बसलेला आहे. त्या पोशिंद्याचीच दैना झाली की मज्जेची रसद आटते. सिऱ्होसिसच्या रुग्णाच्या प्लेटलेट कमी असतात त्याचा दोष आपण फुगलेल्या प्लीहेला देतो आणि तो खरा आहेच, पण अर्धी गोष्ट या संप्रेरकाची आहे.

आटपाडीच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. विहिरीचा झराच आटला असेल तर मोठी मोटर बसवून पाणी वाढत नाही.

मग मज्जेतून यकृत उभं राहील ही कल्पना आली कुठून? ती कुणी थापेबाजाने काढलेली नाही. तिचा उगम चांगल्या विज्ञानात आहे. मज्जारोपण ही रक्ताच्या आजारांतली सिद्ध गोष्ट. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ते १९८३ साली झालं, वेल्लोरच्या सीएमसीत १९८६ साली. परदेशात त्याआधीपासून होत होतं. न्यूयॉर्कच्या नील थीज आणि सहकाऱ्यांना एक नामी युक्ती सुचली. ज्या स्त्रियांना पुरुषाची मज्जा दिली गेली होती, त्यांच्या यकृताचे जपून ठेवलेले तुकडे त्यांनी काढले आणि त्यांत वाय गुणसूत्र शोधलं. स्त्रीच्या यकृतपेशीत वाय सापडला, तर तो दात्याच्या मज्जेतूनच आलेला असणार. तो सापडला. २०००च्या त्या निबंधाने आम्ही सगळे हरखून गेलो होतो. त्याच वर्षी उंदरांमध्येही मज्जेतल्या पेशींनी बिघडलेलं यकृत सावरल्याचं दाखवण्यात आलं.

तीन वर्षांनी, २००३मध्ये, 'नेचर'मध्ये दोन निबंध आले. उंदरांच्या यकृतात मज्जेच्या खुणा बाळगणाऱ्या ज्या पेशी दिसत होत्या, त्या मज्जेपासून नव्याने घडलेल्या यकृतपेशी नव्हत्या. मज्जेतून आलेली पेशी आधीच्या यकृतपेशीत मिसळून गेली होती, दोहोंची एक झाली होती. म्हणजे मज्जेची यकृतपेशी होते, हा पायाच डळमळला. मज्जेतल्या पेशी यकृताला मदत करत असतील तर ती वेगळ्या मार्गाने: व्रणाचे धागे विरघळवून, दाह शमवून, उरलेल्या यकृतपेशींना वाढीचे संदेश देऊन. हा मार्गही मोलाचा आहे. पण 'नवं लिव्हर उभं राहील' असं जे विकलं जातं, त्याला २००३ नंतर आधार उरला नाही.

तोवर माणसांवरचे प्रयोग सुरू झाले होते. जपानच्या यामागुची विद्यापीठात शुजी तेराई, इसाओ साकाइदा आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून ४०० मिलिलिटर मज्जा काढली, धुऊन-गाळून हाताच्या शिरेतून परत दिली आणि २४ आठवडे पाहिलं. २००६ साली त्यांनी ९ रुग्णांचे निकाल मांडले. अल्ब्युमिन वाढलं, आजाराची एकूण गुणसंख्या सुधारली. काम प्रामाणिक होतं, पण शेजारी मज्जा न दिलेल्या रुग्णांचा गट नव्हता. सिऱ्होसिस एका पातळीवर राहत नाही, वरखाली होतो. माणूस प्रयोगात येतो तो बहुधा तब्येत खालावलेली असताना, आणि नंतर नीट देखरेख, आहार, औषधं मिळाली की काही जण आपसूक थोडे वर येतात. दारूच्या आजारात तर दारू सोडल्यावर काही महिन्यांत पोटातलं पाणी ओसरतं, बिलिरुबिन उतरतं, अल्ब्युमिन चढतं. त्या काळात तुम्ही काहीही दिलं, तरी श्रेय त्या 'काहीही'ला मिळतं.

म्हणून तुलना करणाऱ्या चाचण्या हव्या होत्या, आणि त्या झाल्या. जिनिव्हात दारूमुळे यकृत बिघडलेल्या ५८ रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला स्वतःच्या मज्जेतल्या पेशी यकृताच्या धमनीतून दिल्या, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. २०१३ साली निकाल आला: फरक नाही. ब्रिटनमध्ये ८१ रुग्णांवर आणखी काटेकोर चाचणी झाली. मज्जेला चेतवणारं जी-सीएसएफ हे इंजेक्शन नुसतं द्यायचं, किंवा ते देऊन रक्तात उतरलेल्या निवडक मूळपेशी गोळा करून परत द्यायच्या, किंवा फक्त नेहमीचे उपचार. २०१८चा निकाल: ९० दिवसांनी यकृताच्या कामात फायदा नाही, आणि पेशी दिलेल्या गटात गंभीर दुष्परिणाम अधिक.

दुसरी बाजूही मांडायला हवी. कोरियात ७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मज्जेतल्या आधारपेशी प्रयोगशाळेत वाढवून मग दिल्या, तेव्हा यकृतातला व्रणाचा भाग एकदा दिलेल्यांत २५ टक्के आणि दोनदा दिलेल्यांत ३७ टक्के घटला. मुख्य मोजमाप मात्र व्रणाचं होतं, आयुष्याचं नव्हे. चीनमध्ये ग्वांगझूत हिपॅटायटिस बी मुळे यकृत अचानक कोसळलेल्या ११० रुग्णांची चाचणी झाली, २०१७ साली छापली गेली. पेशी मिळालेल्यांतले ७३.२ टक्के २४ आठवड्यांनी जिवंत होते, न मिळालेल्यांतले ५५.६ टक्के. या चाचणीत पेशी रुग्णाच्या नव्हत्या. निरोगी दात्यांच्या मज्जेतून घेऊन वाढवलेल्या होत्या.

एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. आजार वेगळे, पेशी वेगळ्या. पण दिल्लीच्या काचपट्ट्या आणि हे निकाल शेजारी ठेवले की मला एक दिशा दिसते, आणि ती मी ठामपणे सांगतो: दीर्घ यकृतविकारात 'तुमच्याच पेशी, म्हणून उत्तम' हे गृहीतक उलटं आहे. स्वतःच्या पेशींना शरीर नाकारत नाही, हे खरं. पण त्या थकलेल्या घरच्या आहेत. ज्याला मज्जा वापरायची आहे त्याने आधी ती तपासली पाहिजे. पेशी द्यायच्या आधी त्या रुग्णाच्या मज्जेत मूळपेशी किती उरल्या आहेत, हे मोजल्याशिवाय कोणतीही चाचणी आखू नये.

जी-सीएसएफची कथाही याच दिशेने जाते. त्यात मगज काढायचा नाही, मज्जेला चेतवायचं. २०१२ साली सरीन यांच्याच संस्थेत ४७ रुग्णांच्या चाचणीत ६० दिवसांनी जगण्याचं प्रमाण औषध मिळालेल्यांत ६६ टक्के आणि न मिळालेल्यांत २६ टक्के निघालं. चंदीगडच्या पीजीआयमधूनही २०१४ साली असाच आशादायक निकाल आला. जर्मनीत मात्र १७६ रुग्णांच्या चाचणीत, २०२१ साली, काहीच फायदा दिसला नाही. भारतातले रुग्ण तरुण होते का, आजाराचा टप्पा वेगळा होता का, मज्जा अजून चेतण्याजोगी होती का, यावर यकृततज्ज्ञ आजही भांडतात. शेवटचा प्रश्न मला कळीचा वाटतो, आणि तो मज्जा तपासूनच सुटेल.

आता भुईआवळा. ही तर चेन्नईचीच कथा. तमिळ घरांत कीळानेल्ली म्हणून ओळखलं जाणारं हे झुडूप काविळीवर इथेही देतात, आपल्याकडेही देतात. मद्रास विद्यापीठाच्या तारामणी आवारातल्या एस. पी. त्यागराजन यांनी त्यावर काम केलं, आणि त्यांच्याबरोबर होते हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल १९७६चं नोबेल मिळालेले बारुक ब्लुमबर्ग. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. ज्यांच्या रक्तात विषाणू ठाण मांडून बसला होता अशा लोकांना झाडाची पूड कॅप्सूलमधून ३० दिवस दिली. ३७पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रथिन गेलं. औषध नसलेल्या कॅप्सूल घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाचं गेलं. त्या दिवसांत आमच्या शहरात या झुडपाशिवाय दुसरा विषय नव्हता. नंतर थायलंडमध्ये आणि इतरत्र हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. पण त्यागराजन यांच्या कामाबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही, कारण त्यांनी तुलनेचा गट ठेवला होता. त्यामुळेच इतरांना तो प्रयोग पुन्हा करून पडताळता आला. मगजाच्या पहिल्या प्रयोगांना हे भाग्य उशिरा लाभलं.

तेव्हा सावकारपेठेतल्या गृहस्थांना सरळ उत्तर. जमीन काढू नका. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर मूळपेशी उपचार म्हणून देता येत नाहीत. मंजुरी घेतलेल्या चाचणीतच देता येतात. चाचणी असेल तर ती देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असते. तो नोंदणी क्रमांक मागा. नीतिसमितीची मंजुरी मागा. तुलनेचा गट आहे का, ते विचारा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की चाचणीतल्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं बिल पुढे करत असेल तर ती चाचणी नव्हे.

भावांनी दारू सोडली आहे, हाच आजवरचा सर्वांत मोठा उपचार. तो टिकवा. जेवणात मीठ कमी, पण प्रथिनं कमी करू नका: अंडी, दूध, डाळी चालतील. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या, उपाशीपोटी लांबलेली रात्र या आजारात स्नायू झिजवते. ताप आला किंवा पोटात पाणी असताना पोट दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरच्या पाल्याचा रस थांबवा. विषाणूच्या आजारातही त्याचा फायदा टिकून सिद्ध झाला नाही आणि तुमच्या भावाचा आजार मुळात विषाणूचा नाही. कुटलेला पाला कुठला, त्यात आणखी काय मिसळलं आहे, हे थकलेल्या यकृताने का सोसावं? आणि यकृत प्रत्यारोपणाची चौकशी आजच सुरू करा. स्टॅनली रुग्णालय तुमच्या पेठेपासून लांब नाही. तिथे सरकारी खर्चाने यकृत प्रत्यारोपण होतं. मृत दात्यांचे अवयव शिस्तीने वाटण्याची सरकारी यंत्रणा तमिळनाडूने २००८पासून उभी केली आहे आणि देशाने तिच्याकडून पुष्कळ शिकावं. प्रतीक्षायादीत नाव लवकर लागणं याला मोल आहे. प्रकृती सुधारली तर नाव मागे घेता येतं.

पुढच्या लेखात नक्की एडिंबरो. तिथल्या डॉक्टरांनी मज्जेला हातच लावला नाही. रुग्णाच्या रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा केल्या, त्यांना प्रयोगशाळेत ७ दिवस वाढवून मॅक्रोफेज बनवलं आणि २०१९ साली पहिल्या ९ रुग्णांचे निकाल मांडले. पण मोनोसाइटही शेवटी त्याच थकलेल्या मज्जेतून येतात. मग त्यांच्यावर भरवसा का ठेवायचा? आजचा लेख ज्यांनी नीट वाचला आहे त्यांनी याचं उत्तर शोधून पाठवावं. त्यातल्या चांगल्या उत्तरांपासूनच पुढच्या आठवड्यात सुरुवात करीन.